मधल्या कचेरीनें एका कामास दोन हुकूम दिल्याची हकीकत

श्रीगजवदन साह्य असो. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, वैशाख वद्य पंचमी, तिसरे प्रहरीं वरल्या गडाचीं चाळीस कुटुंबें खालच्या गडाच्या बंद दरवाजापुढें उन्हांत उभीं राहिलीं. त्याचें वर्तमान ऐसें.

वरल्या गडाचें टाकें आटलें, सबब कुटुंबें खालच्या गडीं न्यावीं ऐसा निश्चय जाहला. दोहों गडांमध्यें एक कचेरी होती आणि तिचे कारभारी रंगो अनंत होते. त्यांणींच नियम बांधिला होता कीं, काम दोहीं गडीं व्हावें, नाहीं तर कोठेंच न व्हावें. आधीं दोघां किल्लेदारांस "सिद्ध आहां?" म्हणोन पुसावें, आणि दोघांचे होकार आले म्हणजे निर्णय रोजनाम्यांत लिहावा, आणि मगच स्वार सोडावे. आणि कारभारी पडला तर दुय्यम गिरमाजी यांणीं रोजनामा पाहावा; निर्णय लिहिलेला असेल तर काम तडीस न्यावें, नसेल तर मोडावें.

ते दिवशीं सकाळीं दोन्ही होकार आले. रंगोपंत म्हणाले, "वरल्या गडाची वाट चढाची. स्वार आधीं जाऊं दे, लिहिणें काय, बसल्या बसल्या होईल." आणि "कुटुंबें न्यावीं" हा हुकूम घेऊन स्वार वरल्या गडीं गेला, आणि मग पंतांस घेरी येऊन ते गादीवरच कोसळले. गिरमाजी आले, पान कोरें पाहिलें, आणि नियमाप्रमाणें दोहीं गडीं "काम मोडावें" म्हणोन लिहिलें. तों वरल्या किल्लेदारानें गड रिता करून, कुलूप घालून किल्ल्या हुजुरीं रवाना केल्या होत्या. खालच्यानें मात्र मोडण्याचा कागद पावतांच दरवाजा लाविला.

खालचे किल्लेदार सुभानजी यांणीं तटावरून पाण्याच्या घागरी सोडिल्या आणि म्हणाले, "पाणी घ्या, आजी. दरवाजा कागदावांचून उघडत नाहीं."

कुटुंबांतली एक म्हातारी बोलली, "कागदाला ऊन लागत नाहीं, बाबा. आमच्या जागीं त्यालाच उभा कर."

हें बोलणें कचेरींत आलें तेव्हां रंगोपंत शुद्धीवर आले होते. ते म्हणाले, "गिरमाजी, मला हलवून विचारायचें होतेंत."

"तीन वेळां विचारिलें. उत्तर न देणारा नाहींच असें धरावें, हें आपणच शिकविलेंत."

रोजनाम्यांत गिरमाजींनीं लिहिलेल्या "काम मोडावें" या ओळीच्या वर दोन बोटें जागा कोरी होती. तेथें सकाळचा निर्णय लिहिला असता तर चूक दुय्यमाच्या माथीं गेली असती. पंतांनीं टाक उचलिला. गिरमाजींनीं तें पाहिलें आणि "पाणी आणतों" म्हणोन बाहेर गेले. तें त्यांचें जाणें पंतांस फार लागलें. मग त्यांणीं खालीं लिहिलें, "न लिहितां स्वार सोडिला. चूक रंगो अनंत याची." आणि काम नव्यानें मांडून दोघां किल्लेदारांस पुन्हा पुसिलें, "सिद्ध आहां?"

सुभानजींचा होकार तात्काळ आला. वरला किल्लेदार कुटुंबांसमवेत त्याच दरवाजाबाहेर उभा होता. त्यानें कागद वाचून परत दिला आणि म्हणाला, "गड कुलपांत, किल्ल्या हुजुरांत. गडाच्या नांवें होकार मी कोणत्या अधिकारें देऊं? पंतांस विचारा, त्यांच्या नियमांत काय आहे."

येणेंप्रमाणें एका कामास दोन हुकूम गेले. दिवस मावळतां स्वार हा प्रश्न घेऊन कचेरींत पोंचला. पंतांनीं वाचिला, आपला नियम काढून पुन्हा पाहिला; रित्या गडाचा होकार कोणीं द्यावा हें त्यांत लिहिलेलें नव्हतें, आणि दरवाजा बंद होता.