एमेचा रेडिओ आणि एक मिनिटाचं मौन

आमच्या शेजारच्या एमे पिशोनने यंदा ठरवलं, की रेडिओने आता आपल्या पायावर उभं राहायचं. तिथेच माशी शिंकली.

रेडिओ इंटरनेटवरचा, एमेच्या स्वयंपाकघरातून चालणारा. एमे त्याच्यापाशी अंड्यावरच्या कोंबडीसारखा दिवसभर बसलेला. पण यंदा अकरा नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, त्यात कामी आलेल्यांच्या स्मारकापुढे, गावचा झेंडा धरायचा मान त्याला मिळाला होता. (किती वर्षं वाट पाहिली, ते त्याच्या बायकोला, ओदिलला विचारा. रोज ऐकलंय तिने.) झेंडा धरणाऱ्याने जागचं हलायचं नसतं. मग रेडिओ कोण सांभाळणार?

म्हणून एमेने संगणकाला शिकवलं: एक आवाज विरताना पुढचं गाणं अलगद उचलायचं, बारीक आवाज मोठा करायचा, आणि कुणीच बोलेनासं झालं तर रेडिओ बंद पडला समजून अकॉर्डियनवरचं वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने नाचायचं संगीत, लावायचं.

"मला आवाज कमी करायला कधी शिकवता आलं नाही तुला," ओदिल म्हणाली. "यंत्र बरं ऐकेल."

यंत्राने ऐकलं. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून चौकातला माइक आणि भोंगे एमेच्या रेडिओलाच जोडले होते. मेयर पेरोंनी माइकसमोर शहिदांची नावं वाचली आणि एक मिनिट मौन पाळायला सांगितलं. एमेने झेंडा खाली झुकवला. चौक गप्प झाला.

यंत्र कासावीस झालं. त्याने आवाज वाढवला. आधी कबुतरं घुमली, मग मेयरसाहेबांच्या नाकाची शिट्टी. आणखी वाढवला, तेव्हा ओदिल माझ्या कानात जे कुजबुजली ते चर्चच्या भिंतीवर आपटून परत आलं:

"आतून पायजमा घातलाय त्याने. थंडी सोसत नाही."

एमेचे कान लाल झाले, झेंडा तेवढा हलला नाही. हसू दाबायला सगळ्यांनी श्वास रोखले. तेवढी शांतता मिळताच यंत्राने रेडिओ मेला असं ठरवलं आणि शिकवल्याबरहुकूम, इतकं अलगद वॉल्ट्झ सुरू केलं, की लोकांना ते कार्यक्रमातलंच वाटलं. वृद्धाश्रमातलं एक जोडपं तर नाचायलाही लागलं.

एमे डोळे फिरवून ओदिलला भोंग्यांची वायर दाखवत होता. तिने भलतंच समजून, येऊन त्याची कॉलर नीट केली. शेवटी मेयरसाहेबांनीच वायर उपटली.

नंतर सगळे वाइन प्यायला जमले, पण एमे भरला पेला धरून मेयरसाहेबांभोवती घुटमळत होता. झेंडा राहणार की जाणार, एवढाच प्रश्न. मेयरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वॉल्ट्झ छान होतं, एमे. पुढच्या वर्षी झेंडा ओदिल धरेल."

"आणि मी?"

"तू रेडिओपाशी बस. मिनिटभर काहीही न करणं यंत्राला जमत नाही. तुला वर्षानुवर्षं जमतं, असं ओदिल म्हणते."