वाघमारे साहेबांचं हेमकुंड

वाघमारे साहेब जिन्यात भेटले की नमस्कार करत नाहीत. ते विचारतात, "गुडघ्यांना कळवलंत का?"

म्हणजे आपल्याला हेमकुंड साहिबला जायचं आहे, हे आपण आपल्या गुडघ्यांच्या कानावर घातलं आहे का. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली. संबंधितांना आगाऊ सूचना दिल्याशिवाय त्यांच्याच्याने काही होत नाही. हेमकुंड साहिब हे शिखांचं गुरुद्वार, उत्तराखंडात, पार वर, बर्फाळ तळ्याच्या काठी. गोविंदघाटाहून निघायचं, घांघरियाला मुक्काम करायचा आणि मग छातीवर येणारा चढ. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत हा रस्ता वॉचमनलाही पाठ आहे.

साहेबांचा सराव बघण्यासारखा असायचा. सॅकमध्ये गव्हाच्या पिठाची पिशवी भरून ते जिना चढायचे आणि उतरायचे. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद करून, तोंडाला रुमाल बांधून बसायचे. तळ्याच्या पाण्याची तयारी म्हणून एकदा त्यांनी बर्फाच्या बादलीत पाय बुडवले आणि आठवडाभर शिंकत राहिले. "पाय तयार आहेत," म्हणाले, "नाकाने असहकार पुकारला."

रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे बैठक असायची. चहा आणि भडंग खात आम्ही हिमालयाची चर्चा करायचो. पण निघायची वेळ आली की दर वर्षी कोणीतरी गळायचं आणि सगळ्यांचाच बेत पुढच्या वर्षावर जायचा. बिबवेवाडीच्या त्यांच्या मेहुण्यांकडे लग्न निघालं. वरच्या मजल्यावरच्या श्रुतीला कंपनीने सुट्टी नाकारली. एका वर्षी मीच कंबर धरून बसलो. साहेब रागावत नसत. पुढच्या रविवारी या, एवढंच म्हणायचे.

तुम्ही बौद्ध, मग शिखांच्या तीर्थाला कशाला, असं एकदा कोणीतरी विचारलं. साहेब म्हणाले, "पर्वताने विचारलं तर सांगेन. आपण कशाला त्रास घेता?"

या वर्षी मात्र सगळे टिकले. रेल्वेचं आरक्षण झालं, श्रुतीची सुट्टी मंजूर झाली. उरली होती फक्त तब्येतीची तपासणी. ती उरकायला मी साहेबांना गाडीवर मागे बसवून घेऊन गेलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाहिले. हृदय थकलंय, म्हणाले, उंचावर अजिबात जायचं नाही. साहेबांनी हळूच विचारलं, खेचरावर बसून गेलो तर? खेचरावरून जाणाऱ्यांना यात्रेकरू न म्हणता 'सामान' म्हणणारा हा माणूस. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. पुढच्या वर्षी? डॉक्टरांनी पुन्हा मान हलवली.

सोसायटीत परतल्यावर साहेब जिन्याकडे वळले नाहीत. आम्ही लिफ्टने वर गेलो. घरात शिरल्यावर साहेब खुर्चीत बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायचंही विसरले. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नागपूरला. दर्शन काय, पुण्यातल्या गुरुद्वारातही होईल, असं काहीतरी मी म्हणालो.

"दर्शनाला कोण निघालं होतं?" साहेब म्हणाले. मग म्हणाले, "तिथे वर पोचलं की लंगरात बसवतात. गरम खिचडी वाढतात. शेजारी कोणीतरी बसलेलं असतं."

"लंगर इथेही असतो, साहेब."

"इथे बसलो तर ओळखीचं कोणीतरी बघणार. म्हणणार, वाघमारेंना घरी वाढायला कोणी नाही. तिथे एवढं चढून आलेले सगळेच भुकेले असतात. कोण कशासाठी आलाय, कोणाला कळतं?"

मी माझ्या घरी फोन केला आणि सांगितलं, जेवायला थांबू नका, मी साहेबांकडे जेवतोय. साहेबांनी ते ऐकलं. उठून स्वयंपाकघरात गेले. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी आत डोकावलो. साहेब हातात वाटी घेऊन तांदळाच्या डब्यासमोर उभे होते.

"दोघांना किती लागतात हो?" त्यांनी विचारलं.