निवृत्ती साळिंदराची होडी आणि मगरमावशीचं पोट

एका जंगलात, जिथे जायचा रस्ता मंजूर झाला होता पण झाला नव्हता, निवृत्ती नावाचं एक साळिंदर राहत होतं.

मुलांनो, नावावर जाऊ नका. निवृत्ती कशातूनच निवृत्त झालेला नव्हता. सकाळी कंदमुळं उकरायची, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी बायकोचं ऐकायचं, असा त्याचा भरगच्च दिवस असे. बायकोचं नाव अनसूया.

त्या जंगलात एक मोठा तलाव होता. काठावर एक पडका डाकबंगला होता आणि पाण्यात एक मगर होती. ती येताजाता कोणाला ना कोणाला खात असे, म्हणून सगळे तिला आदराने मगरमावशी म्हणत. पाणी प्यायची वेळ झाली की हरणं एकमेकांना म्हणत, "आधी तुम्ही." इतकी सभ्यता दुसऱ्या कुठल्याही जंगलात नव्हती.

साळिंदराला लाकूड कुरतडायला आवडतं. एकदा निवृत्ती डाकबंगल्यातलं कपाट कुरतडायला गेला. कपाटात एक लाकडी होडी होती, साधारण त्याच्याएवढीच लांब. त्याने एक घास घेतला आणि तो थांबला.

धुळीखाली लाल रंग होता. छोटी केबिन होती, तिला गोल खिडक्या होत्या. मागे पाण्यात फिरणारा पितळी पंखा होता. शेजारी एक पत्र्याचा डबा होता, त्याला दोन दांड्या आणि एक लांबलचक एरियल. कुठल्या तरी साहेबाच्या मुलाने हा रिमोट दाबत होडी चालवली असणार. मग तो मुलगा मोठा झाला असणार. त्याला इलाज नसतो.

निवृत्तीने तोंडातला घास बाहेर काढला. खाल्लेलं परत ठेवायची त्याची ही पहिलीच वेळ.

होडी घरी आली तेव्हा अनसूयाने विचारलं, "अहो, ही खायला आणलीत की बघायला?"

"चालवायला."

"चालते का?"

"नाही."

"मग बरोबर घरात आणलीत," अनसूया म्हणाली आणि कंद सोलायला बसली.

निवृत्तीने आपली मैत्रीण गोदाक्का हिला बोलावलं. गोदाक्का म्हणजे पाणमांजर. पाण्यातलं तिला सगळं कळायचं. तिच्या शेपटीचं टोक मात्र मागच्या उन्हाळ्यात मावशीने ठेवून घेतलं होतं, तेव्हापासून ती तलाव सोडून ओढ्यावर राहायला गेली होती.

गोदाक्काने होडी म्हशींच्या डबक्यात दाबून धरली. जिथून बुडबुडे आले तिथे तिने चिखलाचं बोट लावलं. होडीला इतकी बोटं लागली की ती देवी आल्यासारखी दिसायला लागली.

"फेकून द्या भाऊजी," गोदाक्का म्हणाली.

"आधी एक भोक बुजवून बघू," निवृत्ती म्हणाला.

त्याने सालईचा डिंक आणला, त्यात लाकडाचा भुसा कालवला आणि भोकं बुजवली. आपण घेतलेल्या घासाची जागा त्याने सगळ्यात जास्त मन लावून भरली. पोपडे आलेला रंग आपल्याच काट्याने खरवडला. पंखा चिंचेने घासला, तेव्हा तो अनसूयाच्या घागरीसारखा चकाकला. पंखा फिरवणारी सळई मात्र गंजून तुटली होती. तेवढी सरळ आणि तेवढी चिवट वस्तू जंगलात एकच होती. निवृत्तीने डोळे मिटले आणि पाठीवरचा सगळ्यात चांगला काटा उपटला.

"दुखलं का?" अनसूयाने विचारलं.

"नाही," असं तो म्हणाला, पण बऱ्याच वेळाने म्हणाला.

जुनी बॅटरी फुटून हिरवी झाली होती. वनरक्षकाच्या टॉर्चमधले सेल घालून पाहिले. निवृत्तीने दांडी पुढे केली. काही झालं नाही. तारेचं टोक खरवडून पुन्हा जोडलं, पुन्हा दांडी पुढे केली, आणि होडी टुक टुक टुक करत डबक्यातून निघाली.

"बदकासारखी चालते," गोदाक्का म्हणाली.

"बदकाला एवढा डौल कुठला," निवृत्ती म्हणाला.

अनसूया हात पुसत बाहेर आली. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघू तो डबा." त्या दिवशी कंद करपले. पण कोणी कोणाला काही बोललं नाही.

मुलांनो, गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी हिकमतराव आला.

हिकमतराव हे वानर होतं. सफारीच्या जीपवर बसून बसून त्याला सगळ्या आधुनिक गोष्टींची माहिती झाली होती. त्याने होडीभोवती एक चक्कर मारली.

"वेग किती?"

"पुरेसा आहे," निवृत्ती म्हणाला.

"पुरेसा म्हणजे कमी. मोटर कुठली? ही? हिच्यासारखी मी माझ्या आजोबांच्या काळातसुद्धा पाहिली नाही."

"पण ती चालते."

"चालते, तेच तर चुकतंय. पळायला नको का?"

निवृत्तीला त्या रात्री झोप लागली नाही. कालपर्यंत जी होडी डौलदार होती, ती सकाळी त्याला हळू वाटली.

पर्यटकांचा एक ड्रोन करवंदीच्या जाळीत पडला होता. हिकमतरावाने तो आणला. त्यातली मोटर होडीत बसवली. मोटर तगडी, म्हणून तिला बॅटरी तगडी. बॅटरी मोठी, म्हणून केबिन काढली. रिमोटचं ऐकणारा आतला रेडिओ नवा, म्हणून रिमोटही नवा. मग दिवे आले. मग हिकमतरावाने जीपचा रिव्हर्सचा हॉर्न आणला.

"हॉर्न कशाला?" अनसूयाने विचारलं.

"मागे येताना कोणी आडवं येऊ नये म्हणून, वहिनी."

"पाण्यात कोण आडवं येणार?"

हिकमतरावाने हॉर्न बसवला.

नवी होडी डबक्यात सोडली. ती डबकं ओलांडून समोरच्या काठावर चढली आणि एका म्हशीच्या अंगावर गेली. म्हशीने पुढचा महिना डबक्यात पाय ठेवला नाही.

"जागा अपुरी पडते," हिकमतराव म्हणाला. "आता तलावच हवा."

तलावाचं नाव निघताच गोदाक्काने आपली अर्धी शेपटी पोटाशी घेतली. पण तोवर जंगलभर बातमी झाली होती. सिंहमहाराज उद्घाटनाला यायला तयार झाले होते. नारळही आला होता. नारळ आल्यावर, मुलांनो, माघार घेता येत नाही.

ठरल्या दिवशी सगळं जंगल काठापासून लांब उभं राहिलं. महाराज बोलायला उठले. आपल्या जंगलाचा जलवाहतुकीचा मोठा इतिहास आहे असं ते म्हणाले. तो इतिहास कोणालाच माहीत नसल्याने सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग नारळ फुटला आणि निवृत्तीने दांडी पुढे केली.

होडी सुटली. दिवे लुकलुकले, पाणी दोन्हीकडे उडालं. तळ्याच्या मध्यावर पाणी दुभंगलं, एक लांब जबडा उघडला आणि मिटला.

तलाव पुन्हा सपाट झाला.

निवृत्ती पाण्याकडे बघत राहिला. त्याला होडी गेल्याचं खरं वाटेना. सवयीने त्याने दांडी डावीकडे वळवली.

मगरमावशी डावीकडे वळली.

त्याने दांडी उजवीकडे केली. मावशी उजवीकडे वळली. पोटात मोटर ज्या बाजूला फिरे त्या बाजूला तिला गुदगुल्या होत, आणि ती नाइलाजाने तिकडे जाई. निवृत्तीने दांडी मागे ओढली. मावशी उलटी उलटी सरकू लागली आणि तिच्या तोंडातून आवाज यायला लागला, पीं, पीं, पीं.

आधी एक पाडस हसलं. मग सगळं जंगल हसलं. त्या काठावर इतक्या मोकळेपणाने हसणं अनेक वर्षांत झालं नव्हतं. हरणांनी निवृत्तीला खांद्यावर घ्यायचा विचार केला, काटे पाहिले आणि लांबूनच जयजयकार केला.

निवृत्ती हसला नाही. तो अनसूयाला म्हणाला, "होडी गेली गं."

दुसऱ्या दिवसापासून निवृत्तीला काठावर बसवण्यात आलं. ससे प्यायला आले की मावशी डावीकडे. नीलगाई आल्या की मावशी उजवीकडे. महाराजांना डुंबायचं असलं की मावशी पीं पीं करत थेट पलीकडे. सगळे त्याला 'निवृत्तीराव' म्हणू लागले. त्याची दुपारची झोप गेली. कंद उकरायला वेळ उरला नाही. दोन दांड्यांशी खेळायचा त्याला कंटाळा आला, आणि असा कंटाळा येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी सगळे सावलीला पेंगत असताना मावशी हळूच काठाजवळ आली. ती रोडावली होती.

"निवृत्ती," ती म्हणाली, "एवढं काढ रे बाबा. झोपेत कूस बदलली तरी हॉर्न वाजतो. मासेसुद्धा हसतात."

"मावशी, तुम्ही गोदाक्काची शेपटी खाल्लीत."

"खाल्ली. त्यात हॉर्न नव्हता ना."

निवृत्ती विचारात पडला. मावशीला होडी पोटात नको होती. त्याला ती हातात हवी होती. जंगलात या दोघांचंच एकमत होतं.

तो महाराजांकडे गेला. महाराज म्हणाले, "छे. राज्याचा कारभार उत्तम चालला आहे."

हिकमतराव म्हणाला, "काढायची कशाला? उलट आपण मावशीला अजून एक दिवा बसवू."

गोदाक्का म्हणाली, "भाऊजी, ती सुटली तर आपल्याला खाईल."

निवृत्ती घरी आला. अनसूयाने त्याच्यापुढे कंद ठेवला. त्याने तो कुरतडला नाही. तेव्हा ती उठली आणि तिने रिठ्याची फळं कुटायला घेतली.

"हे काय?"

"रिठ्याच्या पाण्याने पोटातलं सगळं बाहेर येतं. आमच्या माहेरी मुलांनी मातीबिती खाल्ली की हेच देतात."

"आणि मग ती सगळ्यांना खायला लागली तर?"

"लागेल तेव्हा बघू. तुमच्याकडे बघवत नाही मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी रिठ्याचा फेस भरलेला मोठा भोपळा तलावात ढकलला. मावशीने तो डोळे मिटून गिळला. थोड्या वेळाने तलाव घुसळून निघाला. जंगल जागं होऊन धावत आलं, तोवर होडी काठाच्या चिखलात येऊन पडली होती. दिवे गेले होते, मोटर जळली होती, रंग पार उडाला होता आणि लाकूड ठिकठिकाणी उललं होतं.

मावशीने जबडा मिटला. सगळं जंगल दोन पावलं मागे सरलं. एक पाडस मात्र चिखलात पाय अडकून तिच्या अगदी समोर राहिलं.

मावशी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुझ्यात मोटर नाही ना?" तिने विचारलं.

पाडस रडवेलं झालं होतं, पण हुशार होतं. "आहे," ते म्हणालं.

मावशी मागे वळली आणि खोल पाण्यात निघून गेली.

तेव्हापासून त्या तलावात मावशी कोणालाही विचारल्याशिवाय खात नाही. आणि जो तो सांगतो, आहे. सशांमध्ये आहे, हरणांमध्ये आहे, महाराजांमध्ये तर दोन आहेत. गोदाक्का पुन्हा तलावावर राहायला आली. मावशी आता फक्त मासे खाते, आणि तेही हलवून बघून.

निवृत्तीने होडी घरी आणली. ती दारात पालथी ठेवली, तिच्या बुडावर हात फिरवला आणि सालईचा डिंक आणायला निघाला. हिकमतराव वाटेत भेटला. त्याच्या हातात काहीतरी चकाकत होतं. निवृत्तीने त्याला नमस्कार केला आणि दुसरी वाट धरली.

तात्पर्य : आहे त्यात समाधान मानावं, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील. ऐकू नका. चांगल्या चाललेल्या वस्तूत जरूर हात घालावा. वस्तू सुधारतेच असं नाही, पण कधी कधी शेजारची मगर सुधारते.