आई गेटपाशी उतरते

"ही अशी का हलते?" गाडीत पहिल्यांदा बसल्यावर शर्मिलाने विचारलं.

बायकोचं ते बोलणं अभय गमरेला लागलं. गाडी जुनी असली तरी साधी नव्हती. छोटीशी, लाल, आकाराच्या मानाने फारच दमदार इंजिनाची. कॉलेजात असल्यापासून त्याला ती हवी होती, आणि तुर्भ्याच्या कंपनीत केस पांढरे व्हायला लागल्यावर एकदाची मिळाली होती. पाम बीच रोडवर ती बाणासारखी सुटायची. पण वळण आलं की एका अंगाला कलायची, आणि पुढची चाकं वळली तरी मागची बाजू जरा विचार करून मग वळायची.

"होडीत बसल्यासारखं वाटतंय रे," मागच्या सीटवरून त्याची आई चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं.

वडील गेल्यावर अभयने आईला माणगावजवळच्या गावातून नेरुळला आणलं होतं. तेराव्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवसभर दोघं नोकरीवर. आई काही मागत नसे, काही बोलत नसे. संध्याकाळी गुडघ्याच्या व्यायामासाठी अभय तिला वाशीला नेई, तेवढंच तिचं बाहेर पडणं. होईल हळूहळू सवय, असं तो स्वतःला सांगायचा.

गाडीची सवय मात्र त्याला करून घ्यायची नव्हती. तो थेट कळंबोलीला धर्मराजच्या गॅरेजात गेला. धर्मराजला वेगवान गाड्यांचं वेड होतं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"स्प्रिंगा कडक टाकू आणि गाडी खाली बसवू. रस्त्याला चिकटून पळेल."

"रोजची गाडी आहे रे. आई असते मागे."

"आईंना वळण आलेलं कळणार पण नाय, शेठ!"

ते खरं ठरलं. आईंना वळण कळेनासं झालं. बाकी सगळं कळायला लागलं. रस्त्यावर नाणं पडलेलं असतं तर छापा वर होता की काटा, तेही त्यांना सांगता आलं असतं. अभय मात्र खूश होता. गाडी मनात येताच वळत होती.

ही खुशी सोसायटीच्या गेटपर्यंत टिकली. डिलिव्हरीवाल्यांना आवर घालायला कमिटीने तिथे नवा स्पीडब्रेकर बांधला होता, चांगला गुडघाभर वाटावा असा. त्यावर गाडीचं पोट असं घासलं की वॉचमन खुर्ची सोडून धावत आला. अभयने गाडी मागे घेतली, तिरकी घातली, पुन्हा घासली. शेवटी तो मागे वळून म्हणाला, "आई, जरा उतरतेस? वजन कमी झालं की निघेल."

आई उतरल्या. गाडी निघाली. मागे रिक्षा आणि टेम्पो हॉर्न वाजवत उभे, म्हणून अभयला थांबता येईना. तो सरळ पार्किंगमध्ये गेला आणि आई मागून सावकाश चालत आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तसाच रिवाज पडला.

बघणाऱ्यांना स्प्रिंगा दिसत नव्हत्या. दिसत होता तो एवढाच देखावा, की मुलगा म्हातारीला रस्त्यात उतरवतो आणि लाल गाडी घेऊन झोकात आत जातो.

"शेजारच्या मनालीने लिफ्टमध्ये विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना," शर्मिला एका संध्याकाळी म्हणाली. "चार लोकांत चर्चा आहे म्हणे. आईंमुळे सीट खराब होते, म्हणून तू त्यांना उतरवतोस."

"सीट? अगं, प्रश्न गाडीच्या उंचीचा आहे!"

"मला नको सांगू. ग्रुपवर सांग."

अभयने सोसायटीच्या ग्रुपवर स्प्रिंग, वजन आणि जमिनीपासूनची उंची यांवर लांबलचक खुलासा लिहिला. उत्तरादाखल एक जोडलेले हात आले, आणि आईवडिलांच्या सेवेवरचा एक व्हिडिओ.

बातमी माणगावला कशी पोचली कोण जाणे. रविवारी सकाळी दारात कोंडिबामामा उभे.

"जय भीम," ते म्हणाले, आणि पाणीसुद्धा न घेता बहिणीकडे वळले. "चांगुणा, पिशवी भर. गावाला चल."

"अरे, पण झालं काय?"

"ज्या गाडीत आईला जागा नाय, त्या घरात रावायचं नाय."

अभय लगबगीने पुढे झाला. "मामा, तसं नाही हो. स्प्रिंगा कडक आहेत, म्हणून आईला उतरावं लागतं."

हे वाक्य मनात ठीक वाटलं होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते त्याचं त्यालाच भयंकर वाटलं.

"दाखव," मामा म्हणाले.

सगळे खाली आले. मामा पुढच्या सीटवर बसले. माणूस भरभक्कम. ते बसताच गाडी आणखी खाली गेली. बाहेर एक चक्कर मारून गाडी गेटपाशी आली.

"मामा, आता उतरा."

"मी नाय उतरनार. बगू कशी जात नाय ती!"

अभयने गाडी पुढे घेतली. पुढची चाकं पार झाली, मागची व्हायची होती, आणि मधलं पोट स्पीडब्रेकरवर टेकलं. गाडी पुढे जाईना, मागे येईना. वॉचमन आला, टेम्पोवाले आले, बाल्कन्या भरल्या. गेटसमोरच्या बिल्डिंगच्या मालकीण शेवंताबाई हातातल्या बांगड्या वाजवत ओरडल्या, "अरे, उचला रं पोरांनो! नुसते बगता काय?" दहा-बाराजणांनी मामांसकट गाडी उचलली. खाली ठेवताना पुढचा बंपर तेवढा रस्त्यावरच राहिला.

मामा उतरले. वाकून त्यांनी गाडीचं पोट पाहिलं, बंपर पाहिला, मग भाच्याचा चेहरा पाहिला.

"पोरगा वायट नाय," त्यांनी जमलेल्या लोकांना मोठ्याने सांगितलं. "नुसता येडा हाय."

त्या एका वाक्याने अभयची अब्रू परत आली, निदान पुष्कळशी. मामांनी पाणीच नव्हे, चहाही घेतला. "गाडी धड कर. मग मी ऐकतो," असं बजावून ते संध्याकाळच्या एसटीने एकटेच परतले.

अभयने या वेळी आधी डोकं चालवलं. गाडी कलत होती ती उंचीमुळे नव्हे, तर तिचे शॉकअब्सॉर्बर थकल्यामुळे आणि जोडांतली रबरं झिजल्यामुळे. एवढ्या दिवसांत ना त्याने ती तपासली होती, ना धर्मराजने. "वेगाच्या नादात राहिलं, शेठ," धर्मराज कान खाजवत म्हणाला. मूळच्या स्प्रिंगा परत बसल्या, शॉकअब्सॉर्बर आणि रबरं नवी आली, चाकांची अलाइनमेंट झाली. गाडी आता थोडीशी झुकायची, पण वेळेवर सावरायची.

त्या संध्याकाळी वाशीहून परतताना पाम बीच रोडवर आईंना डुलकी लागली. आरशातून ते पाहून अभयला कुठलंही वळण घेताना झाला नव्हता एवढा आनंद झाला. गेट आलं. गाडी स्पीडब्रेकर अलगद चढली आणि उतरली.

आई दचकून जाग्या झाल्या. "अरे, थांब, थांब! मला उतरू दे."

"आता गरज नाही आई. गाडी नीट झाली."

"गाडीला नसंल गरज," पदर सारखा करत चांगुणाबाई म्हणाल्या. "ती शेवंताबाई रोज खुर्ची टाकून वाट बघत बसते माझी."

त्यांनी स्वतःच दार उघडलं. समोरच्या बिल्डिंगखाली खरंच दोन खुर्च्या होत्या. "काय गो बाय, आज उशीर?" शेवंताबाईंनी विचारलं. आई काहीतरी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. आईचं असं मोकळं हसणं अभयने वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

मागे टेम्पो हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. तरी अभयला गाडी पुढे घेववेना.