कंट्रोलर साहेबांचा अधांतरी हिरा

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळी लागलेला हिरा दुपारी पडलेला आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

संध्याकाळी गच्चीवरून अशी घोषणा झाली की अहमदपूरच्या आमच्या गल्लीतले नवे भाडेकरू दचकतात. आम्ही जुने लोक फक्त "अरेरे" म्हणतो आणि पुन्हा भाजी निवडायला लागतो. घोषणा करणारे म्हणजे आमचे शेजारी सोनकांबळे साहेब. उभी हयात एसटीत गेली. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणून सगळं गाव त्यांना कंट्रोलर साहेब म्हणतं. निवृत्तीच्या दिवशी डेपोनं शाल दिली, हार घातला आणि माइक काढून घेतला. साहेबांच्या आवाजाला त्यानं काडीचाही फरक पडला नाही.

हिरा त्यांचा नव्हे, त्यांच्या मुलीचा. प्रज्ञा एकुलती एक. जर्मनीत पीएचडी करते. धुळीच्या कणाहूनही बारीक असा हिऱ्याचा कण घ्यायचा, त्याला कशालाही न टेकवता विजेच्या जोरावर अधांतरी तरंगत ठेवायचं, भोवतीची हवा काढून घ्यायची आणि मग त्याच्याकडून मोजमापं करून घ्यायची, हे तिचं काम. पण हवा काढायला लागलं की कण लेसरच्या उजेडानं तापतो आणि निसटून जातो. तो गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आई वारल्यावर ती आली होती, तेव्हा परत जाताना सांगून गेली, "पप्पा, हिरा टिकला, मोजमाप झालं, की आलेच मी." झालं! तेव्हापासून एकट्या घरात राहणारा हा माणूस त्या न दिसणाऱ्या कणाच्या मागे हात धुवून लागलेला आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. फिजिक्सनं मला बारावीतच रामराम केला होता. पण साहेबांच्या शेजारी राहून विज्ञानापासून सुटका नाही.

"सर, हिरा म्हंजे गाडी बगा," ते मला सांगतात. "सगळ्या शीटवर कार्बन बसलेला. गाडी फुल्ल. मधीच एका शीटवर नायट्रोजन चढला, अन् त्याच्या शेजारची शीट रिकामी राहिली. तिलाच दोष म्हणतेत. सगळी करामत त्या रिकाम्या शीटची."

"रिकामी शीट काय करामत करणार, साहेब?"

"असं कसं? तिथं इलेक्ट्रॉन गिरक्या घेऊन राहिलेत ना! हिरवा उजेड टाकला की लाल चमकतेत. लोहचुंबक जवळ नेला की चमक कमी-जास्त व्हती. म्हंजे त्याला कळून राहिलं, कोण आलं, कोण गेलं."

एसटीत रिकामी शीट दिसली की हल्ली मीच आदरानं बाजूला सरकतो.

समोरच्या शांताबाईंना यातलं एकच कळलं होतं, की पोरीकडे हिरा आहे. "मग बापाच्या घरी येताना एखादी चमकी तरी आण म्हणावं," त्या म्हणाल्या.

"मावशी, शिंकेसंगं उडून जाईल," साहेब म्हणाले.

एकदा मी विचारलं, "पण हे सगळं करून मोजायचं तरी काय?"

"ओढ," ते म्हणाले. "दोन वस्तू असल्या की एकमेकीला ओढतेत म्हणे. कितीबी लांब असू द्या. पण लई बारीक ओढ ती, कुठल्या काट्यावर येत न्हाई. टेकलेल्याला तर कळतच न्हाई. अधांतरी असलं तरच कळतं, असं प्रज्ञा म्हणती."

मी मराठीचा मास्तर, त्या शब्दावर अडखळलो. साहेब मात्र सरळ कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.

मधे लातूरहून प्रज्ञासाठी एक स्थळ आलं. मंडळी भली होती, मुलगा सरकारी नोकरीत. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "पोरगी काय करती सध्या?"

"दोषावर काम चालू हाय तिचं," साहेब अभिमानानं म्हणाले.

बाईंचा कप बशीतच राहिला. "दोष?"

"हाव. दोष पाह्यजेच! दोष न्हाई तर काय उपयोग? अन् आमच्याकडे दोष लई चांगले निघालेत."

मंडळींनी चहा संपवला, पोह्यांचं कौतुक केलं आणि पहिल्या गाडीनं लातूर गाठलं. मी हसून हसून बेजार झालो. साहेबही हसले, पण मग म्हणाले, "लातूर जवळ पडलं असतं, सर. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी माघारी आलो असतो."

गेल्या महिन्यात हिरा खरंच टिकला. हवा काढली तरी टिकला. रोज गच्चीवरून "हिरा फलाटावर उभा आहे" अशी घोषणा व्हायची आणि गल्ली टाळ्या वाजवायची. साहेबांनी प्रज्ञाच्या खोलीला रंग दिला. तिला आवडतात म्हणून अर्धापूरहून केळी मागवली. ती पिकून काळी पडली, तर दुसरी मागवली.

एके दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो असताना फोन आला. जन्मभर हॉर्न ऐकून त्यांचे कान गेलेले, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. प्रज्ञा रडत होती.

"पप्पा, गेला. परत गेला. मला न्हाई जमणार आता. सगळं सोडून घरी येऊन राहिले मी. आजच तिकीट काढते."

साहेबांचा चेहरा असा उजळला, की मी तो कधी विसरणार नाही. ते खुर्चीतून उठलेच. रंग दिलेल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आत पाहिलं आणि तिथंच थांबले.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"आधी जेव, माय. तिकीट काढू नको. उद्या दुसरा हिरा लाव. हवा जराक हळू काढ. घरी यायचं, तू म्हणली व्हतीस तसं, मोजमापं झाल्यावर बघू."

पलीकडून एक बारीकसं "हाव" आलं, आणि फोन बंद झाला.

मला राहवलं नाही. "साहेब, स्वतःहून येत होती ना ती? चार दिवस येऊ द्यायचं. राहिली असती, शांत झाली असती, मग गेली असती परत."

साहेबांनी खोलीचं दार ओढून घेतलं. स्टँडभर घुमणारा त्यांचा आवाज मला कसाबसा ऐकू आला.

"कशी गेली असती, सर? मी जाऊच दिलं नसतं तिला."