पूर्व भिंत, माणसांविना

ब्रेस्तोवो नगरपालिकेची नवी बालवाडी बांधून पूर्ण झाली आहे, असे नगरपालिकेचे मत होते. या मताला पुष्टी देणारी इमारतही जागेवर होती. तिला चार भिंती होत्या, लाल कौले होती आणि मुलांच्या उंचीचे सतरा नळ होते. मात्र राजधानी सोफियातल्या मंत्रालयाच्या ‘अखंड दृष्टी’ या प्रणालीत पूर्वेकडच्या भिंतीचा ग्राह्य फोटो सापडत नव्हता. नियम चव्वेचाळीस असा, की जी भिंत प्रणालीत सापडत नाही ती बांधलेली नाही. आणि नियम पंचेचाळीस असा, की जी इमारत मुदतीत बांधली गेली नाही ती ताबडतोब पाडून टाकावी. मुदत होती पंधरा सप्टेंबर, सकाळी नऊ.

फोटो नव्हते असे कोणी म्हणू नये. फोटो होते अकरा हजार चारशे सहा. मुकादम दोचो याने दोन वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ आठही दिशांनी फोटो काढून प्रणालीत चढवले होते. चढवलेले फोटो खाली उतरवणे हे काम नगरपालिकेच्या वरिष्ठ छायाचित्र-तज्ज्ञ झ्लातिना यांच्याकडे होते. महापौरांच्या नातवाच्या वाढदिवसाचे हरवलेले फोटो त्यांनी एकदा शोधून दिले होते, तेव्हापासून त्या तज्ज्ञ होत्या.

चार सप्टेंबरला झ्लातिनाबाईंनी स्क्रीनवरच्या चौकटींमध्ये खुणा केल्या. टप्पा: भिंत. दिशा: पूर्व. हवामान: कोरडे. माणसे: नाहीत. ही शेवटची खूण सक्तीची होती. खाजगीपणाच्या कायद्याप्रमाणे बांधकामाच्या फोटोत माणसाचा चेहरा दिसता कामा नये.

प्रणालीने सव्वा मिनिट विचार केला आणि उत्तर दिले: ‘शून्य फोटो. आपल्याला “खड्डा” म्हणायचे आहे का?’

“खड्डा कुठला, मेल्या?” बालवाडीच्या मुख्याध्यापिका त्सोंकाबाई मागे उभ्या होत्या. “परवा इमारत दाखवायला नेलं, तर त्याच भिंतीवर दोन पोरं डोकं आपटून रडली!”

“पोरांचा फोटो आहे का?”

“आहे ना! दोघांचीही टेंगळं दिसतात.”

“म्हणजे चेहरे दिसतात. चालणार नाही.”

त्सोंकाबाईंची घाई समजण्यासारखी होती. त्यांची चौतीस मुले दोन वर्षे अग्निशमन केंद्राच्या गॅरेजमध्ये बंबाशेजारी बसत होती. भोंगा वाजला की मुले आपापली खुर्ची उचलून फुटपाथवर जात, बंब निघून गेला की परत येत. आता हे काम ती चाळीस सेकंदांत करत. अक्षरओळख मात्र अजून ‘ग’पर्यंतच आली होती.

झ्लातिनाबाईंनी मुकादमाला बोलावले. “दोचोकाका, नियम ठाऊक होता ना? फोटोत माणूस नको म्हणून?”

“ठाऊक होता म्हणजे? बटण दाबायच्या आधी दोन वर्षं रोज ओरडतोय मी, ‘बाजूला व्हा रे!’ माझी सहाच्या सहा माणसं उडी मारून बाजूला व्हायची. मी स्वतः कॅमेऱ्यामागे. एक कोपर सापडलं तर मिशी उतरवीन.”

झ्लातिनाबाईंनी ‘माणसे: नाहीत’ ही खूण काढली आणि पुन्हा शोधले. चारशे बारा फोटो झरझर उघडले. प्रत्येकात पूर्वेची भिंत होती आणि प्रत्येक भिंतीवर माणसे होती. एकसष्ट माणसे.

“ही तर आपली मंडळी!” दोचो म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

नवी बालवाडी उभी राहिली ती जागा पूर्वी गावाच्या जुन्या सूचनाभिंतीची. गावात कोणी गेले की फोटोसकट छापलेला निधनाचा कागद तिथे लागायचा. पुन्हा चाळिसाव्या दिवशी, पुन्हा सहा महिन्यांनी, पुन्हा वर्षश्राद्धाला. बांधकामासाठी ती भिंत पाडली, माणसे काही मरायची थांबली नाहीत. नव्या भिंतीचा गिलावा वाळला त्याच दिवशी शिंप्याच्या बायकोने, मिंकाआजीने, पहिला कागद चिकटवला. दुपारपर्यंत बाकीचेही आले.

“मग काढायचे होते ना ते!” त्सोंकाबाई म्हणाल्या.

“तुम्ही काढा,” दोचो म्हणाला. “तुमच्या सासूबाई तिसऱ्या ओळीत आहेत.”

त्सोंकाबाईंनी विषय बदलला.

एवढ्यात स्क्रीन लाल झाली. प्रणालीने चेहरे मोजले होते. ‘बांधकामाच्या जागी हेल्मेट न घातलेले कामगार: ६१. त्यांची उपस्थिती ठरावीक अंतराने नियमित आढळते. एकाही कामगाराने रजा घेतलेली नाही. एका कामगाराने अमान्य उंच काळी टोपी घातली आहे.’ हे शेवटचे वाक्य आमच्या दिवंगत पाद्रीबाबांबद्दल होते.

झ्लातिनाबाईंनी सोफियाला फोन लावला. तिथे काल्चेव्ह नावाचे शंका-निवारण अधिकारी होते.

“साहेब, ती माणसं मेलेली आहेत.”

“बांधकामावर?” काल्चेव्हांचा आवाज चिरकला. “एकसष्ट?”

“नाही हो, आधीच! आपापल्या घरी, अंथरुणात!”

“मेलेल्या माणसांना कामावर ठेवलंत?”

“ठेवलं नाही. ती भिंतीवर आहेत.”

“भिंतीवर चढून, आणि तेही हेल्मेटशिवाय,” काल्चेव्हांनी लिहून घेतले. “हे पाहा बाई, माझ्याकडे ‘मृत’ अशी चौकटच नाही. ‘हेल्मेट आहे’ आणि ‘हेल्मेट नाही’, एवढंच आहे. दहा दिवसांत त्याच माणसांचे त्याच जागी हेल्मेट घातलेले फोटो चढवा. भिंत आपोआप मान्य होईल.”

झ्लातिनाबाईंनी फोन ठेवला. मग दोचो म्हणाला, “छापखानेवाला कागदाला किती वेळ लावतो?”

दुसऱ्या दिवसापासून नगरपालिका घरोघर फिरू लागली. विनंती नाजूक होती: दिवंगताचा कागद नव्याने छापू, खर्च आमचा, फक्त डोक्यावर हेल्मेट असेल.

मिंकाआजी आधी भडकल्या. “माझा म्हातारा जन्मभर शिंपी! स्टुलावर चढला तरी गरगरायचं त्याला. त्याला छपरावर चढवताय?”

“आजी, पोरांच्या शाळेसाठी.”

आजींनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “टक्कल झाकेल का?”

“पूर्ण.”

“मग आधी का नाही बोललात!”

टक्कल झाकते ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि छापखान्यापुढे रांग लागली. पण नोटरीच्या विधवाबाईंनी एक खोडा घातला. हेल्मेट पिवळे कशाला? पिवळे मजूर घालतात, पांढरे अभियंते घालतात. “आमच्यांनी उभ्या आयुष्यात पेनापेक्षा जड काही उचललं नाही,” त्या अभिमानाने म्हणाल्या, “त्यांना पांढरंच शोभेल.” हे ऐकून शेजारणीने आपल्या सुताराला पांढरे मागितले. सुताराला दिले म्हणून गवळ्याला. पाद्रीबाबांच्या उंच टोपीवर पांढरे हेल्मेट बसेना, म्हणून टोपी कापून बसवले.

बारा तारखेला एकसष्ट पांढरी हेल्मेटे भिंतीवर झळकली. दोचोने “बाजूला व्हा रे!” असे ओरडून फोटो काढला. प्रणाली हिरवी झाली, मग पिवळी, मग पुन्हा लाल. ‘अभियंते: ६१. मजूर: ०. विटा कोणी उचलल्या?’

“प्रश्न रास्त आहे,” दोचो म्हणाला.

आता गावातल्या चाळीस दिवंगतांना खालच्या पदावर आणणे भाग होते. झ्लातिनाबाईंनी तीन दिवस इतक्या शिव्या खाल्ल्या की त्यांची वेगळी नोंदवही करावी लागली. कोणाचाही माणूस उतरेना. शेवटी मिंकाआजीच पुढे आल्या. “माझ्या म्हाताऱ्याला द्या पिवळं. पिवळा त्याला खुलायचा. आणि नोटरीणबाईंना सांगा, वर्षभर त्यांच्या नवऱ्याचे कोट माझ्याच नवऱ्याने सैल करून दिलेत. वजनाचं काम कोणी केलं ते गावाला माहीत आहे.” रांगेत हशा पिकला, आणि हसता हसता एकोणचाळीस बायका पिवळ्याला तयार झाल्या. नोटरी पांढराच राहिला.

पंधरा सप्टेंबर, सकाळी आठ वाजून बावन्न मिनिटे. ‘पूर्व भिंत: मान्य. सुरक्षितता: आदर्श. अपघात: शून्य. कामगारांची शिस्त: राज्यात प्रथम.’ नऊ वाजता चौतीस मुले आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन नव्या बालवाडीत शिरली. त्सोंकाबाई रडल्या. महापौर बोलले. दुपारपर्यंत दाराशेजारी बांधणाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटीही बसली. ती प्रणालीतून थेट छापून आली होती आणि तिच्यावर एकसष्ट नावे होती.

दोचोने पाटी वरून खाली वाचली, मग खालून वर.

“झ्लातिनाबाई, माझं नाव?”

झ्लातिनाबाईंनी शोधले. ‘दोचो: शून्य फोटो. आपल्याला “खड्डा” म्हणायचे आहे का?’

“अहो, शेजारच्या गावची शाळा मला मिळतेय. तिथे अनुभवाचा दाखला मागितलाय! माझी सहाही माणसं कामाला लागणार आहेत त्यावर!”

काल्चेव्हांना फोन लावला. ते दयाळू मनुष्य होते. “त्यांचा त्या भिंतीवर फोटो आहे का?” त्यांनी विचारले. “नसेल तर ते तिथे नव्हते. असेल तर दाखला आजच देतो.”

दुपारी चार वाजता पूर्वेच्या भिंतीवर सात नवे कागद लागले. सातही काळ्या चौकटीचे, सातही पांढऱ्या हेल्मेटचे. दोचोचा कागद मधोमध होता: ‘कष्टाळू, प्रेमळ, सदैव स्मरणात.’ संध्याकाळी बायका मयताच्या रीतीप्रमाणे उकडलेला गोड गहू घेऊन त्याच्या दारी आल्या. दार दोचोनेच उघडले. त्याने दोन वाट्या खाल्ल्या आणि साखर कमी पडल्याचे सांगितले. दाखला रात्री आठाच्या आत आला.

वाचकहो, ब्रेस्तोवोची माणसे खुळी, असे म्हणून तुम्ही पान उलटाल. खुशाल उलटा. फक्त त्याआधी तो दिवस आठवा, जेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी एकदा तुमच्या ओळखपत्राकडे पाहिले, एकदा तुमच्याकडे, आणि त्या म्हणाल्या, “हे तुम्ही नाही.” तेव्हा तुम्ही भांडला नाहीत. तुम्ही चष्मा काढलात, केस मागे सारलेत आणि हनुवटी फोटोतल्या माणसासारखी वर धरलीत.