ई डॉक्टरांचा आंबा

कुंभकोणमच्या घरात आमचं सामान उतरून तासही झाला नसेल, तोच परसात एक अनोळखी गृहस्थ दिसले. नेसायला पांढरी वेष्टी, कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ आणि डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग. आमच्या पेरूखाली उकिडवे बसून ते एका गळून पडलेल्या पेरूत दातांच्या डॉक्टरचा चिमुकला आरसा घालून बघत होते!

मी सांगलीची. माझ्या परसात न विचारता कावळाही उतरत नाही. पाठ करून आलेल्या चार तमिळ शब्दांतला एक फेकून मी ओरडले, "यारु?" म्हणजे, कोण?

"तुम्ही मराठीं कां?" त्यांनी मान वर केली. "मग बरें झालें. ह्या पेरवांत पुळु आहेत. पुळु मणजे किडे."

एवढं बोलून त्यांनी खाली पडलेले सगळे पेरू एका काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरले, तोंड घट्ट बांधलं, पिशवी उन्हात ठेवली आणि निघून गेले. नाव नाही, गाव नाही! पण इतक्या लांब मराठी कानावर पडल्यावर राग निम्मा विरघळला. उरलेला मी नवऱ्यावर काढला.

हे आमचे शेजारी गुरुराजराव. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. उभं आयुष्य दातांचा दवाखाना चालवला, तेव्हा आमच्या या मेलकावेरी भागातले लोक त्यांना 'पल डॉक्टर' म्हणायचे. पल म्हणजे दात. दवाखाना बंद केल्यावर ते फळमाशीच्या मागे लागले आणि लोकांनी त्यांना 'ई डॉक्टर' केलं. ई म्हणजे माशी. त्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

"बाहेरनं कांही दिसत नाहीं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दातालाही तेच, आंब्यालाही तेच. "मादी सालीस टोंचते, आंत अंडीं घालते. तुम्ही मणता, काय सुंदर फळ! आंत जेवण चाललें आहे. फळ पडतें, अळी मातींत शिरते, पुन्हा माशी होऊन वर येते. मणून पडलेलें फळ मातींत ठेवूं नका, वहिनी." हे सगळं मला आमरस वाढत असताना ऐकवलं. नवऱ्याने वाटी बाजूला सारली ती सारलीच.

त्यांच्या अंगणात एकच आंबा. त्या झाडाचा एक तरी आंबा किड्यावाचून उतरवायचा, हा त्यांचा ध्यास. वर्षानुवर्षं जमलं नव्हतं. फवारणी करायची नाही, ही घरची अट. अट घालणारी त्यांची मोठी बहीण. अक्का सदा आतल्या झोपाळ्यावर. रोज सकाळी आतून हाक यायची, "गुरू, पुळु गेला कां?" आणि हे बाहेरून ओरडायचे, "जातो, अक्का, जातो!"

या उन्हाळ्यात त्यांनी जय्यत तयारी केली. काळी तुळस चुरडून बाटल्यांत घातली. तिच्या वासाला नर येतात आणि आतच अडकतात. "नर गेले तर मादी कोणाशीं लग्न करेल?" असं मला, दोन मुलींच्या आईला, विचारलं! मग जुन्या वेष्टीच्या पिशव्या शिवून एकेका कैरीला बांधल्या. अक्कांना सोवळ्याशिवाय चालत नाही, म्हणून पिशव्या हळदीत बुडवून काढल्या.

इथेच घोटाळा झाला. झाडाची एक बाजू भिंतीवरून रस्त्यावर झुकलेली आणि तो रस्ता कावेरीच्या घाटाचा. या मुलखात नवस बोलायचा तर पिवळ्या कापडात नाणं बांधून ठेवतात. आंघोळीहून परतणाऱ्या बायकांनी वर पाहिलं तर सगळं झाड पिवळ्या गाठोड्यांनी लगडलेलं! आठवडाभरात झाडाला कुंकू लागलं. कुणी लेकीचं लग्न ठरावं म्हणून हाताशी आलेल्या पिशवीची गाठ सोडून आत हळकुंड सारलं. बुंध्याशी केळी, गूळ, फोडलेले नारळ. माश्यांना आणखी काय हवं?

डॉक्टरांनी पाटी लावली, 'हा देव नाही, हा आंबा आहे.' दुसऱ्या दिवशी पाटीलाच हार!

मग हा पठ्ठ्या स्वतः भिंतीपाशी खुर्ची टाकून बसला. येईल त्या बाईला गंभीर चेहऱ्याने सांगायला लागला, "अम्मा, ह्या झाडाला फळ चालत नाही. मीठ चालतं." इथल्या देवळांत मीठ वाहायची रीतच आहे, त्यामुळे सगळ्यांना पटलं. केळी थांबली, मिठाचे ढीग लागले. डॉक्टर ते रोज उचलून आत नेत. मी म्हटलं, "डॉक्टर, धडधडीत खोटं बोलता हो!" तर म्हणाले, "भूक आहे माशीची, पाप माझें. सरि, चालेल."

आंबे उतरले त्या दिवशी मला बोलावणं आलं. झोपाळ्यासमोर पाट, परातीत आंबे, माझ्या हातात सुरी. अक्कांना मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. डोळे उघडे, पण नजर माझ्या खांद्यावरून भलतीकडे. त्या आंधळ्या होत्या.

"दिसेनासें झाल्यापासून अक्का अंबा खात नाहीं," डॉक्टर हळूच म्हणाले. "किडा दिसणार नाहीं. जीव तोंडांत गेला तर? बाजारचा औषधाचा, तोही नको. तुम्ही पाहा, वहिनी. माझीही नजर आतां पहिल्यासारखी नाहीं."

मी पहिला आंबा चिरला. कोयीपाशी एक पांढरी अळी वळवळत होती. एवढीशी. मी त्यांच्या कानाशी लागले, "ती फोड टाका आणि नाही म्हणून सांगा. त्यांना कुठे कळतंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "गावास खोटें सांगितलें," ते म्हणाले. "अक्कास कसें सांगूं?" आणि मोठ्याने म्हणाले, "अक्का, आहे ग."

"असूं दे. दुसरा चीर."

दुसऱ्याच्या मी पातळ पातळ फोडी केल्या, उजेडाला धरल्या, कोय फिरवून फिरवून बघितली. काही नव्हतं. खरंच काही नव्हतं! "स्वच्छ आहे हो, अक्का!" माझाच आवाज फुटला.

अक्कांनी फोड तोंडात ठेवली आणि कितीतरी वेळ नुसती चघळत राहिल्या. डॉक्टर परातीपाशी तसेच उभे. मग अक्कांनी परात चाचपली, कोय उचलली आणि हवेतच पुढे धरली.

"गुरू, घे. तूंही खाल्ला नाहींस इतकीं वर्षें. मज ठाऊक नाहीं वाटतें?"

जन्मभर लोकांना दात जपायला सांगणारा तो म्हातारा जमिनीवर मांडी घालून बसला आणि कोय चोखायला लागला. रस कोपरापर्यंत ओघळला, डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं. पुसणार कशाने? दोन्ही हात आंब्याने माखले होते.